शरद, ती ओळ तू वाचली होतीस

शरद, आज बारावा दिवस. उद्या तुझा तेरावा. मीना वहिनींनी मला सकाळी लवकर बोलावलंय आणि मी हो म्हटलंय. पण त्याआधी तुझ्याशी भांडण उरकून घ्यायचंय. उद्या सगळे तुझ्या फोटोला हार घालून हात जोडतील आणि त्या रांगेत मला गप्प उभं राहता येणार नाही. तू मला ओळखतोस. राग आला की मी आधी लिहून काढते आणि मग बोलते. तीस वर्षं माझे असले कागद तू वाचलेस, मिशीत हसलास आणि ड्रॉवरमध्ये टाकलेस. हा तेवढा माझ्याकडेच राहील.

तू गेलास त्या दिवशी मी कोर्टात दुसऱ्या मजल्यावर एका भाडेकरूच्या दाव्यात बोलत होते. शिपायाने चिठ्ठी सरकवली: शरदभाई बार रूममध्ये पडले. मी वाचली, घडी घातली आणि माझा युक्तिवाद पुरा केला. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, पडला म्हणजे पाय घसरून पडला. तुझ्या त्या गुळगुळीत तळाच्या बुटांवरून मी तुला किती वेळा बोलले होते. म्हणून मी आणखी चार मुद्दे मांडले, जजसाहेबांना नमस्कार केला आणि जिना उतरताना तुला काय टोमणा मारायचा ते ठरवत खाली आले. खाली तुझी खुर्ची रिकामी होती आणि टेबलावर अर्धा कप चहा होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने मला विचारलं, "तुम्ही मिसेस का?" मी म्हटलं, "पार्टनर." तो गोंधळला, मग सॉरी म्हणाला आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला रात्रीपर्यंत लागला नाही. मी वहिनींना फोन करून म्हणत होते की घाबरू नका, पडलाय फक्त.

अजूनही मधूनच मला तेच वाटतं. पडलाय फक्त.

आपली जोडी बडोद्याच्या कोर्टात चेष्टेचा विषय होती. तुझे पणजोबा संस्थानच्या पागेत, माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत नक्कलनवीस. तू म्हणायचास, "नलिनी, तुम्ही लोकांनी नुसते कागद चाटून पेन्शनी खाल्ल्या." मी म्हणायची, "आणि तुम्ही लोक अजून घोड्यावरून उतरला नाहीत." तुला आवाज होता, मला डोळे होते. तू कोर्टात उभा राहिलास की मागच्या बाकावरचे पक्षकारही सरळ बसायचे. मी तुझ्या मागे बसून कागद पुढे सरकवायची. लोकांना वाटायचं शरदभाई केवढे तयारीचे. तू कधी कुणाला खरं सांगितलं नाहीस आणि मीही ते चालवून घेतलं.

रुजुवात मात्र माझ्या घरची. आजोबांकडून आलेली. नक्कल कितीही सुबक असली तरी दोघांनी बसून ती मुळाशी ताडून घ्यायची. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. ओळ जुळली की ऐकणाऱ्याने "पुढे" म्हणायचं. नाही जुळली तर गप्प बसायचं. वाचणारा आपोआप थांबतो. आजोबा सांगत की त्यांच्या कचेरीत चूक झाली असं कोणी म्हणतच नसे, नुसती शांतता व्हायची आणि सगळे समजून जायचे. मी हे आपल्या ऑफिसात आणलं तेव्हा तू हसलास. "स्कॅनर असताना हे काय काढलंस?" मग सहा महिन्यांत तुलाच त्याची अशी चटक लागली की तू घरी किराण्याच्या यादीचीसुद्धा रुजुवात करायला लागलास. वहिनी वैतागायच्या. "नलूताई, हे तुम्ही शिकवलंत ह्यांना. आता हिंगाला पण 'पुढे' म्हणावं लागतं मला."

आणि तुझ्या मधुराच्या लग्नाची पत्रिका. दोन अख्ख्या संध्याकाळी आपण ती ताडली. तू खड्या आवाजात वाचत होतास, मी बोट ठेवून बसले होते. आत्या, मामा, सासरकडच्या सात पिढ्या, एक वेलांटी चुकू दिली नाही. पत्रिका वाटून झाल्यावर व्याह्यांचा फोन आला की लग्न किती वाजता आहे. मुहूर्ताची वेळच नव्हती छापलेली. तू कच्च्या कागदावर लिहायलाच विसरला होतास, आणि मुळातच नसलेलं रुजुवातीत सापडणार कसं? समा रोडवरच्या तुझ्या सोसायटीत बसून आपण तीनशे फोन केले, दर फोनला तू "माझी पार्टनर वकील आहे, तिची चूक" असं सांगत होतास. हसून हसून माझं पोट दुखलं होतं.

हे मी लांबण लावतेय, मला कळतंय. जिथे यायचंय तिथे यायला पाय जड झालेत.

सहा वर्षांपूर्वीची ती केस. मकरपुऱ्यातली कंपनी, आपली सगळ्यात मोठी अशील. रसायनाची चार नंबरची टाकी, आणि तिच्यात गुदमरून मेलेला सावली तालुक्यातला कामगार रमणभाई. त्याची बायको जशीबेन कामगार न्यायालयात आली होती. तिचं म्हणणं एवढंच की नवऱ्याला साहेबांनी टाकी साफ करायला आत पाठवलं. कंपनीचं म्हणणं की त्याला कोणीही पाठवलं नव्हतं, टाकी त्या दिवशी बंद होती, ह्याचा मोबाइल आत पडला आणि तो काढायला हा आपल्या मर्जीने उतरला. मोबाइल खरोखर टाकीत सापडला होता, त्याच्या खिशातून पडलेला. म्हणजे प्रश्न एकच होता. रमणभाईला पाठवलं होतं की तो स्वतः गेला होता?

उत्तर परवान्याच्या रजिस्टरमध्ये होतं. टाकीत माणूस उतरवायचा तर सुपरवायझरने आधी त्यात नोंद करायची, आतला गॅस तपासल्याची खूण करायची, सही करायची. कंपनीने रजिस्टर पाठवलं आणि सोबत त्या दिवसाच्या पानाची टाइप केलेली नक्कल पाठवली. मूळ अक्षर पुसट आहे, कोर्टाला वाचता येणार नाही, अशी सबब होती. आपण त्यावर "खरी नक्कल" असा शिक्का मारून सही करायची आणि दाखल करायची. रोजचं काम.

दुपारची वेळ होती. तू मूळ रजिस्टर घेऊन वाचायला बसलास, माझं बोट नकलेवर. एक, दोन, तीन, सगळं जुळत होतं. आठ ओळी झाल्या. मग तू नववी वाचलीस. टाकी नंबर चार, आतून साफसफाई, कामगार रमणभाई, गॅस तपासणीचा रकाना कोरा, खाली सुपरवायझरची सही. तू "कोरा" हा शब्दसुद्धा म्हणालास, जो कागदावर नव्हता. माझ्या बोटाखाली वेगळीच ओळ होती, बॉयलरच्या दुरुस्तीची. नकलेत एकूण दहा ओळी होत्या आणि तुझ्या हातात अकरा.

मी गप्प बसायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. आजोबांच्या पद्धतीप्रमाणे नुसतं गप्प बसले असते तरी तू थांबला असतास. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "पुढे."

तू दोन क्षण तसाच राहिलास आणि मग दहावी ओळ वाचलीस. बॉयलरची दुरुस्ती. माझं बोट तिथे आधीच होतं. शेवटी मी शिक्का मारला आणि सही केली, माझी, कारण त्या फायलीवर वकीलपत्र माझ्या नावाचं होतं.

का म्हणाले, हे मी सहा वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने समजावलंय. कंपनी गेली असती तर ऑफिस बसलं असतं, हे एक. अशिलाचं गुपित फोडणं वकिलाला शोभत नाही, हे दुसरं, आणि हे मी तुला भाषण दिल्यासारखं ऐकवलंसुद्धा होतं. पण खरं कारण लाजिरवाणं आहे. मला वाटलं तू थांबशील. आवाज तुझा होता ना. मोठं बोलायचं काम नेहमी तुझं असायचं. आणि तुला वाटलं असेल की डोळे माझे आहेत, मी थांबवीन. दोघंही एकमेकांची वाट बघत दहाव्या ओळीवर पोचलो.

पुढच्या तारखेला जशीबेनची उलटतपासणी मी घेतली. तू म्हणालास डोकं दुखतंय. हिरवी साडी, डोक्यावर पदर, माझ्याकडे न बघता जजसाहेबांकडे बघून बोलत होती. मी तिला फार विचारलंच नाही. आपल्या क्षेत्रात ज्याला नेमका प्रश्न म्हणतात तो एकच विचारला. "मोबाइल एमने कोणे लई आप्यो हतो?" नवऱ्याला मोबाइल कोणी घेऊन दिला होता? ती म्हणाली, "में." म्हणजे तिनेच. मी विचारलं, नवा होता? म्हणाली, हो, आठच दिवस झाले होते. मी म्हटलं, एवढंच. आणि खाली बसले. बार रूममध्ये दोघा-तिघांनी येऊन माझी पाठ थोपटली. ह्याला म्हणतात क्रॉस, म्हणाले. तू सेव-उसळीची प्लेट समोर घेऊन बसला होतास आणि खात नव्हतास. मला वाटलं होतं, तू काहीतरी बोलशील. तू म्हणालास, "लिंबू नाहीये ह्यात."

तिचा अर्ज फेटाळला गेला. रमणभाई मोबाइलपायी गेला, असं निकालात लिहिलं गेलं.

भांडलो आपण एकदाच. निकालाच्या दिवशी तुझ्या गाडीत, फतेगंजच्या सिग्नलला. तू म्हणालास, "तू पुढे म्हणालीस." मी म्हटलं, "तू वाचत राहिलास." तू म्हणालास, "मला वाटलं..." आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. गाडी निघाली. ते वाक्य तू आजतागायत पुरं केलेलं नाहीस. मीही विचारलं नाही. त्यानंतर आपण रुजुवात केली नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण झालं तसं. तू म्हणालास, आता स्कॅनरच बरा.

रजिस्टरचं काय झालं, एवढं मी विचारलं होतं. कंपनीच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं होतं की ते परत पाठवू नका, तिकडेच नाहीसं करा. मी तुला निरोप दिला. तू दुसऱ्या दिवशी म्हणालास, "केलं." पुढे विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कंपनीने कोर्टाला कळवून टाकलं की जुनी रजिस्टरं पाण्यात गेली. मी ते पत्र फायलीला लावलं. तेव्हापासून जशीबेनचं अपील अहमदाबादच्या हायकोर्टात पडून आहे आणि त्यात दम नाही, कारण दाखवायला कागदच नाही. असं मी समजत होते.

आता ह्या बारा दिवसांतलं ऐक.

तिसऱ्या दिवशी वकिलांनी तुझी शोकसभा घेतली. सगळ्यांनी तुझ्या आवाजाची आठवण काढली. मॅनेजर आला होता, पांढरा सदरा, हातात मोठा हार. सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "नलिनीबेन, साहेब पासे अमारा कोई जूना कागळ पड्या होय तो..." साहेबांकडे आमचे काही जुने कागद पडले असतील तर. मी म्हटलं, जुने कागद पुरात गेले ना तुमचे? तो हसला आणि माझ्या खांद्यापाशी हात जोडले. त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

आठव्या दिवशी वहिनींनी तुझ्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "ऑफिसचं काय ते घेऊन जा ने, नलूताई. मला बघवत नाही." तुझ्या पणजोबांच्या पागेच्या सनदा ठेवलेल्या त्या खालच्या कप्प्यात, सनदांच्याही खाली, रजिस्टर होतं. निळं कापडी पुठ्ठ्याचं. मी जमिनीवर बसले. वहिनी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होत्या आणि मला शब्द कळत नव्हते. तू "केलं" म्हणाला होतास. माझ्या तोंडावर, चहा पिता पिता. सहा वर्षं तू माझ्याशी खोटं बोललास आणि मला इतका आनंद झाला, शरद, की मी त्या पुठ्ठ्यावर गाल टेकवला. माझा पार्टनर तेवढा वाईट नव्हता. मीच एकटी होते.

आणि मग आतून कागद घसरला. तुझं प्रतिज्ञापत्र, हायकोर्टासाठी. चार महिन्यांपूर्वीची तारीख, सावलीच्या नोटरीसमोर केलेलं, म्हणजे बडोद्यात कुणाला पत्ता लागू नये म्हणून तू एवढा लांब गेलास. मी उठले आणि उभ्या उभ्या वाचलं. कंपनीने खोटी नक्कल दिली, बरोबर. मूळ रजिस्टर माझ्याजवळ आहे, बरोबर. ते नष्ट करण्याची सूचना आली होती, बरोबर. आणि मग पाचवा परिच्छेद. "नक्कल ताडून पाहताना मूळ रजिस्टर मी वाचत होतो. नववी नोंद मी जाणूनबुजून गाळली. माझ्या भागीदार वकील नलिनीबेन यांना त्या नोंदीची कल्पना नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली."

मी खरंच खाली बसले पुन्हा.

अरे, तू वाचली होतीस. स्पष्ट वाचली होतीस, "कोरा"सकट. ज्या एका गोष्टीत तू त्या दिवशी सरळ वागलास, तीच तू शपथेवर पुसून टाकलीस. खोट्या कागदाबद्दल खरं सांगायला बसलास आणि त्यात एक नवं खोटं घातलंस, माझ्यासाठी. मला विचारलंस का? चार महिने तो कागद कपाटात ठेवून तू रोज माझ्यासमोर बसलास, माझ्या डब्यातली भेंडी खाल्लीस, मधुराच्या मुलाचे व्हिडिओ दाखवलेस. दाखल का केलं नाहीस? पाचव्या परिच्छेदाने अडलास का? माझी खात्री आहे, त्यानेच अडलास. खोटं तुला कधी मोठ्याने वाचता आलं नाही. आणि नाही वाचता आलं तर माझ्याकडे यायचं. बस, बोट ठेव म्हणायचं. मी काय तुला खाल्लं असतं?

दोन दिवस मी त्या परिच्छेदाच्या सावलीत मजेत बसले, हेही ऐकून ठेव. खोटं कशाला बोलू? तुझा कागद जशीबेनच्या वकिलाला पाठवून द्यायचा, रजिस्टर द्यायचं, तिचं काम होईल, माझी वकिलीची सनद शाबूत, लोक म्हणतील बिचारी नलिनीबेन, पार्टनरने फसवलं. वहिनी काय म्हणतील, एवढंच टोचत होतं. पण मी वकील आहे. गेलेल्या माणसाच्या प्रतिज्ञापत्राचं कंपनीचे वकील काय करतील ते मला पाठ आहे. ह्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणतील. रजिस्टर इतकी वर्षं एका कपाटात होतं, त्यात कोणी काय लिहिलं कोणास ठाऊक, म्हणतील. त्या खोलीत दुसरं कोण होतं, विचारतील. त्या खोलीत दुसरी मी होते. मी म्हटलं की मी काही ऐकलं नाही, तर तुझी नववी ओळ परत पुसली जाते.

वहिनींना मी सगळं सांगितलं, जशीबेनकडे जायचंय तेही. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव त्यांचं खराब होईल ना?" मी म्हटलं, होईल, माझं जास्त होईल. त्या म्हणाल्या, "चार महिन्यांपासून ते झोपेत आकडे म्हणायचे. नऊ, दहा, अकरा. मला वाटलं शुगर वाढलीय." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. थोड्या वेळाने न बघता म्हणाल्या, "जाऊन या."

काल मी सावलीला गेले. तिथून आत, जशीबेनच्या गावात. कोर्टातली हिरवी साडी डोक्यात होती म्हणून मी तिला ओळखलंच नाही. ती मात्र मला लगेच ओळखून उभी राहिली. "बेसो," म्हणाली. पाणी दिलं. कंपनीच्या वकिलाला पाणी दिलं तिने. मी रजिस्टरचं पान उघडलं आणि नववी ओळ तिला वाचून दाखवली. मग म्हटलं की हे मला त्या दिवशी माहीत होतं. तुम्हाला प्रश्न विचारला तेव्हाही.

मी शिव्यांची तयारी करून गेले होते. ती रडेल, गावातली माणसं गोळा होतील, हेही धरलं होतं. ती त्या पानाकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "मने एम के में ज मारी नाख्या." मला वाटायचं, मीच त्यांना मारलं.

शरद, मला कळलंच नाही पहिल्यांदा. मग तिने सांगितलं. ओव्हरटाइम असला की घरी कळावं म्हणून मोबाइल तिनेच हट्टाने घ्यायला लावला होता. सासू नको म्हणत होती. कोर्टात तिने "में" म्हटलं ते गावभर झालं, सासूपर्यंत गेलं. त्या दिवसापासून सासू तिच्या हातचं खात नाही, पाणीसुद्धा घेत नाही. एका घरात दोन चुली आहेत, सहा वर्षं. माझा नेमका प्रश्न. ज्याबद्दल बार रूममध्ये माझी पाठ थोपटली होती.

आणखी एक ऐक. चार महिन्यांपूर्वी एक उंच, मिशीवाले भाई येऊन ह्याच खाटेवर बसले होते, म्हणाली. पाणी मागितलं, प्यायले, घर कोणाचं विचारलं, आणि काही न बोलता उठून गेले. तिला वाटलं वाट चुकलेला माणूस. तू इथपर्यंत आला होतास, शरद. नोटरीकडून निघून इथपर्यंत. एवढा मोठा तुझा आवाज, आणि तो ह्या ओसरीत निघाला नाही. माझा राग तिथे थोडा उतरला. मला तुझी फार दया आली, आणि तुझी आठवण अशी आली की मी पदर तोंडात धरला.

मी जशीबेनला विचारलं, मी काय करू? कोर्टात तर मी सांगणारच आहे. माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र तयार आहे, त्यात तू वाचलीस आणि मी ऐकली, असंच लिहिलंय. तुझा पाचवा परिच्छेद खोटा आहे, असंही लिहिलंय, रागावू नकोस. ती म्हणाली, कोर्टाचं तुम्ही बघा. आणि आतल्या खोलीकडे हात केला. "बाने कहो. जोरथी कहेजो, ओछुं सांभळे छे." सासूला सांगा, मोठ्याने सांगा, तिला कमी ऐकू येतं.

आत म्हातारी जपमाळ घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, त्यांना कंपनीने पाठवलं होतं. तिने कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं. तिने जशीबेनकडे बघितलं, "आ शुं कहे छे?" काय म्हणतेय ही? जशीबेन दारात उभी होती, तिने काही सांगितलं नाही. सांगायचं मलाच होतं.

तुला माहीत आहे, मी कोर्टात कधी आवाज चढवला नाही. त्यासाठी तू होतास. मी श्वास घेतला आणि ओरडले, "एमने कंपनीए मोकल्या हता. मोबाइल माटे नहोता गया. जशीबेननो वांक नथी. मने खबर हती." मोबाइलसाठी नव्हते गेले, जशीबेनचा काही दोष नाही. शेजारचे दरवाजे उघडले. गल्लीतून जाणारी दोन माणसं ओसरीपाशी थांबली. म्हातारीची माळ थांबली होती, पण ती अजून माझ्या ओठांकडे बघत होती, म्हणून मी पुन्हा ओरडले, अगदी शेवटचा शब्द तिला पोचेपर्यंत. मने खबर हती. मला माहीत होतं.

मग म्हातारी जशीबेनकडे वळून म्हणाली, "मने पाणी आप." मला पाणी दे. आणि जशीबेन धावली.